दीप की द्वीप?

मध्य रेल्वेवरच्या दिवा स्थानकाचे नाव ऐकले की समई किंवा पणतीच डोळ्यांपुढे येते. व्युत्पत्तीही सरळ दिसते: संस्कृत ‘दीपक’, प्राकृत ‘दीवअ’, मराठी ‘दिवा’. पण प्राकृतात ‘द्वीप’चाही ‘दीव’च होतो. जंबुद्वीपाचे जैन आगमांत ‘जंबुद्दीव’ झाले, सौराष्ट्राच्या टोकाचे बेट दीवच राहिले, सिंहलद्वीपाचे अरबी-फारसीत ‘सरनदीब’ झाले. अल्-बिरूनी तर मालदीवकडच्या बेटांना काथ्याची ‘दीवा’ आणि कवड्यांची ‘दीवा’ म्हणतो. आपण अरबी ‘जझीरा’चा जंजिरा केला, ‘बेट’ बांबूलाही बहाल केले. या गर्दीत घरचा ‘दीव’ दिव्यात मिसळून गेला असावा.

आपले दिवा उल्हासच्या खाडीकडचे, खाजणांच्या शेजारचे. पैलतीरी भिवंडीकडे दिवे-अंजूर, पारसिकच्या डोंगरापलीकडे ऐरोलीचे दिवागाव. तिन्ही खाडीकाठी, म्हणून मूळ ‘द्वीप’ असावे असा माझा कल. पुरंदरातले दिवे मात्र घाटमाथ्यावर बसून या तर्काला वाकुल्या दाखवते.

पालीतही हाच घोळ आहे, आणि तो थेट बुद्धवचनात. महापरिनिब्बान सुत्तात भिक्खूंना ‘अत्तदीप’ होऊन राहायला सांगितले आहे. विहारांतून त्याचा अर्थ ‘स्वयंप्रकाशित’ असा ऐकू येतो. ऱ्हीस डेव्हिड्स यांनीही 1881 च्या भाषांतरात दिवाच लावला. टीकाकार बुद्धघोषाची अट्ठकथा मात्र महासमुद्रातल्या बेटाचा दाखला देते, आणि मध्य आशियात मिळालेल्या संस्कृत पाठात चक्क ‘द्वीप’ आहे. शिवाय लगेच पुढे ‘अत्तसरण’ येते. आसऱ्याच्या जोडीला बेटच शोभते.

पालीचे पंडित धर्मानंद कोसंबी मूळचे गोव्यातल्या सांखवाळचे. तिथून मांडवीतले दिवाडी बेट फार लांब नाही. 1902 मध्ये ते सिलोनला गेले आणि विद्योदय परिवेणात पाली शिकले. तिथे बेटाला म्हणतात ‘दिवयिन’, आणि त्या बेटाचा जुना इतिहासग्रंथ ‘दीपवंस’! तिथे शिकलेल्याला ‘दीप’ म्हणताच आधी पाणी आठवत असावे. बडोद्याला पाली शिकवणारे चिं. वि. जोशी म्हणजे चिमणरावांचे जनक. दिवा शोधायला निघालेल्या, चिमणरावांच्या जोडीच्या गुंड्याभाऊंना त्यांनी भर खाडीत उतरवले असते, तर नवल नव्हते.

‘द्वीप’मध्ये पाणी आहेच: द्वि आणि अप्. पाणिनीच्या मते इथे ‘अप्’चा ‘ईप’ होतो, तसाच ‘अंतरीप’मध्ये आणि ‘समीप’मध्येही. म्हणजे ‘समीप’ हा शब्दसुद्धा मुळात ओलाच.

राहिला ‘अत्त’. ‘आत्मन्’चा पालीत ‘अत्त’ झाला; इतर प्राकृतांत ‘अप्पा’ही झाला आणि त्यातूनच आपले ‘आपण’ आले. हिंदी मुलखात ‘अप्प दीपो’ म्हणतात, त्यातला ‘अप्प’ पालीपेक्षा आपल्या ‘आपण’च्याच गोतावळ्यातला दिसतो.