करार मोडला म्हणजे गुन्हा झाला का? एका रेषेचा इतिहास

कायद्याच्या इतिहासावर संशोधन करायचं मनात असेल, तर एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवा. निकालातलं गाजलेलं वाक्य आणि त्या निकालाचा शेवट एकाच दिशेला जातील असं नाही. आजचा विषय याचं चांगलं उदाहरण आहे: दिवाणी करारातून उभा राहिलेला फौजदारी गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द करणं.

आधी प्रश्न समजून घेऊ. समजा, नाशिकच्या एका बागायतदाराने व्यापाऱ्याला आठ लाखांची द्राक्षं दिली. एक लाख हातात आले, बाकीचे महिन्याभरात देतो असा शब्द मिळाला. चार महिने झाले तरी पैसे नाहीत. दिवाणी दावा लावला तर वर्षं जाणार. मग कुणीतरी सांगतं, ‘चारशे वीस लाव, अटकेच्या भीतीने आठवड्यात पैसे येतील.’ गुन्हा दाखल होतो आणि व्यापारी उच्च न्यायालयात जातो: हा देण्याघेण्याचा वाद आहे, गुन्हा रद्द करा. तो खरंच बाजार पडल्यामुळे अडकला असेल, तर साध्या उधारीपायी माणूस तुरुंगाच्या दारात उभा आहे. पहिल्यापासून पैसे बुडवायचाच बेत असेल, तर गुन्हा रद्द झाल्यावर शेतकरी उघड्यावर पडतो. दोन्हीकडे जिवंत माणूस आहे, हे विसरून हा विषय अभ्यासता येत नाही.

आता मागे जाऊ, 1860 सालात. 2024 पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम 415 मध्ये फसवणुकीची व्याख्या होती आणि तिच्याखाली काही उदाहरणं दिली होती. त्यातलं एक निळीच्या पिकाचं होतं. निळीचं पीक द्यायचा मुळात इरादाच नसताना, ते देणार असं भासवून एखाद्याने आगाऊ पैसे उचलले, तर ती फसवणूक. पण पैसे घेताना द्यायचा इरादा होता आणि नंतर करार मोडला, तर फसवणूक नाही, फक्त दिवाणी दावा. म्हणजे आज न्यायालयं जी कसोटी लावतात, ती त्या संहितेत पहिल्यापासूनच लिहिलेली होती.

पण हे उदाहरण नुसतं वाचून पुढे जाऊ नका. त्या वर्षी बंगालमध्ये काय चाललं होतं ते बघा. निळीच्या सक्तीविरुद्ध रयत उठली होती आणि त्याच 1860 साली सरकारने एक तात्पुरता कायदा करून निळीचा करार मोडणाऱ्या रयतेला मॅजिस्ट्रेटकडून शिक्षा करायची सोय केली. आदल्या वर्षी, 1859 मध्ये, कामगारांच्या करारभंगाचा कायदा आला होता. उचल घेऊन काम न करणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला मॅजिस्ट्रेट काम करायचा वा पैसे परत करायचा हुकूम देई, आणि तो पाळला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद. करार मोडणाऱ्या मालकाला मात्र त्या कायद्यात अशी कैद नव्हती. हा कायदा रद्द करणारा कायदा थेट 1925 साली झाला.

थोडक्यात, ‘करारभंग हा गुन्हा नाही’ हे तत्त्व कागदावर होतं, पण ते सगळ्यांना सारखं लागू नव्हतं. फौजदारी कायदा वसुलीसाठी वापरायची सवय आजकालची नाही, हे इथे दिसतं.

उच्च न्यायालयाच्या अधिकाराचा इतिहास वेगळा आहे. न्यायप्रक्रियेचा गैरवापर रोखण्याचा अंगभूत अधिकार 1923 च्या दुरुस्तीने कलम 561-अ म्हणून लिहिला गेला. 1973 च्या संहितेत तो कलम 482 झाला आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 528. हा अधिकार कधी वापरायचा, याचे तीन प्रकार सर्वोच्च न्यायालयाने आर. पी. कपूर खटल्यात (1960) सांगितले. भजनलाल खटल्यात त्यांचे सात झाले.

भजनलालची ही यादी गुन्हा रद्द करण्याच्या अर्जांमध्ये हमखास सापडते. मूळ निकाल उघडून दोन गोष्टी तपासा. एक, सात प्रकारांत ‘दिवाणी वाद’ असा स्वतंत्र प्रकारच नाही. दोन, त्या खटल्यात गुन्हा रद्द करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने फिरवला होता.

इंडियन ऑइल विरुद्ध एनईपीसी (2006) या निकालाचंही तसंच. विमानाच्या इंधनाची थकबाकी, तारण म्हणून नजरगहाण दिलेली विमानं, आणि त्यांची इंजिनं काढून नेल्याचा आरोप. निव्वळ दिवाणी वादांना फौजदारी रूप देण्याची वृत्ती व्यापारी वर्तुळात वाढते आहे, हे या निकालातलं निरीक्षण सगळीकडे उद्धृत होतं. पण शेवट काय झाला? चोरी आणि न्यासभंगाचे आरोप टिकले नाहीत. फसवणूक आणि आगळीक, म्हणजे मालमत्तेचं नुकसान, यांचे आरोप मात्र प्रथमदर्शनी टिकतात असं ठरलं आणि तेवढ्यापुरता खटला पुन्हा उभा राहिला.

मग नेमकं ठरतं कशावर? हृदय रंजन प्रसाद वर्मा खटल्यात (2000) न्यायालयाने म्हटलं, की वचन देतानाच अप्रामाणिक हेतू हवा. नंतर वचन पाळलं नाही एवढ्यावरून तो गृहीत धरता येत नाही. त्या आधी राजेश बजाज खटल्यात (1999), तयार कपड्यांच्या निर्यातीचे पैसे थकल्याच्या प्रकरणात, न्यायालय म्हणालं होतं की व्यवहार व्यापारी आहे म्हणून फसवणूक नाही असं होत नाही. वरवर हे निकाल एकमेकांविरुद्ध वाटतात. खरं तर दोन्ही त्याच निळीच्या उदाहरणाकडे येतात: इरादा कधीचा? अडचण अशी, की इरादा दाखवायला पुरावा लागतो आणि गुन्हा रद्द करण्याच्या टप्प्यावर न्यायालय सहसा पुरावा तोलत नाही, फिर्यादीतला मजकूर बघतं. म्हणून फिर्याद कशी लिहिली आहे याला एवढं वजन येतं.

तुम्ही या विषयावर प्रबंध करणार असाल, तर ‘रद्द झाला / नाही झाला’ एवढाच रकाना करू नका. प्रत्येक निकालात करार कधी झाला, पहिली थकबाकी कधी, फिर्याद कधी, आधी दावा लावला होता का, कोणतं कलम टिकलं आणि कोणतं पडलं, हे वेगवेगळं नोंदवा. आणि फिर्यादी कोण, आरोपी कोण, हेही लिहा: बँक, बिल्डर, शेतकरी, मजूर. 1860 साली ही रेषा माणूस बघून आखली जात होती. आज तसं होतं की नाही, हे गाजलेली वाक्यं सांगणार नाहीत, तुमचा तक्ता सांगेल.