नाकेदाराचं घर

गावात आमचं घर 'नाकेदाराचं घर' म्हणूनच ओळखलं जायचं. बाबा १९५८ साली जंगलखात्यात लागले. कागदावरचा हुद्दा वनरक्षक, पण आमच्या भागात वनरक्षकाला नाकेदारच म्हणतात. धानोऱ्याकडचा हा सारा मुलूख तेव्हा चांदा जिल्ह्यात मोडायचा. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो १९८२ साली.

बाबांची नोकरी कळायची तर थोडं मागं जावं लागतं. आजोबांच्या काळात इथली बरीचशी जंगलं मालगुजारांची आणि जमीनदारांची होती. घराला लाकूड, कुंपणाला काटी, चुलीला सरपण गावकऱ्यांना त्यातूनच मिळायचं. त्याला निस्तार म्हणत. १९५१ साली मालगुजारी गेली आणि ही जंगलं सरकारकडे आली. निस्तार राहिला, पण त्याला परवाना आला, पावती आली. ज्या झाडाला आजोबा आपलं म्हणत, त्याच झाडाला कुऱ्हाड लावणाऱ्यावर बाबांना गुन्हा लिहावा लागे. आणि तो माणूस बहुतेक वेळा ओळखीचाच निघे.

उन्हाळ्यात बाबा घरी दिसतच नसत. फेब्रुवारी अर्धा सरला की वणव्याचे दिवस सुरू. मोहफुलं वेचायला सोपी जावीत म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा पेटवत, आणि वारा सुटला की ती आग कुणाच्या बापाला आवरत नसे. बाबा मजूर घेऊन जाळरेषा साफ करत, हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपत. घरी येत ते भुवया होरपळून. आई त्यांच्या तळव्यांना तेल चोळायची आणि म्हणायची, "तुमचा जीव गेला तं सरकार पोरायले पोसणार हाये का जी?"

मी पाचवीत होतो तेव्हाची गोष्ट. पावसानं एका म्हाताऱ्या गोंड आज्याच्या झोपडीचं आढं मोडलं. त्यानं परवान्याची वाट न पाहता सागाचं एक झाड तोडलं आणि बाबांनी त्याला पकडलं. गुन्हा लिहिला, लाकूड आणि कुऱ्हाड जप्त केली. संध्याकाळी आजा आमच्या अंगणात येऊन बसला.

"लाकूड ठेवा साहेब. कुराड तेवढी द्या. कुराडीबिगर पोट कसं भरू?"

बाबा खाली बघत म्हणाले, "लिवलं आता. पुसता नाही येत."

त्या रात्री ते जेवले नाहीत. पगार झाल्यावर आज्याला घेऊन रेंज ऑफिसात गेले आणि त्याचा दंड स्वतःच्या खिशातून भरला. जप्त कुऱ्हाड काही परत मिळाली नाही. मग आमच्या दारामागची कुऱ्हाड काढून त्याला दिली. तो पावसाळाभर आईनं शेजारून मागून आणलेल्या कुऱ्हाडीनं सरपण फोडलं. माझी नवी पुस्तकं दिवाळीवर गेली.

आई चिडून म्हणाली, "गुन्हा बी तुमीच लिवता, दंड बी तुमीच भरता. मंग पगार कायचा?"

बाबांकडे याचं उत्तर नव्हतं. सगळ्यांचा दंड काही त्यांना भरता येत नव्हता. ज्यांचा भरला नाही, त्यांतल्या काही घरांनी आमच्याशी बोलणं सोडलं. त्याच वर्षी तान्ह्या पोळ्याला मी माझा लाकडी नंदी घेऊन दारोदार फिरलो, तर एका घरानं बोजारा न देताच दार लावून घेतलं. तो नंदीसुद्धा बाबांनी डेपोतून पावती फाडून आणलेल्या तुकड्याचा होता! मी रडत घरी आलो. बाबांनी नंदी पुसून फळीवर ठेवला. बोलले काहीच नाहीत.

पुढं २००६ साली वनहक्क कायदा झाला. २००९ साली आमच्याच भागातल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ च्या एप्रिलात केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी तिथल्या ग्रामसभेच्या हाती बांबू वाहतुकीची पासबुकं दिली. जन्मभर बाबांच्या खात्यानं जो पास फाडला, तो आता गाव फाडणार होतं. बाबांना निवृत्त होऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. त्यांनी ती बातमी दोनदा वाचली.

मी विचारलं, "बाबा, वाईट वाटलं का?"

"वाईट कायचं? चांगलं झालं. पण आता आग लागली तं विझवाले बी गावालेच जा लागंल."

थोड्या वेळानं म्हणाले, "तो आजा राह्यला असता तं..." आणि चष्मा काढून पुसत बसले.

बाबा गेले त्या दिवशी सरणाची लाकडं फोडायला गावची माणसं आली. त्यांत त्या आज्याचा नातू होता. ज्या घरानं मला बोजारा दिला नव्हता, तिथलं मात्र कुणी आलं नाही. बाबांच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीचा हिशेब मांडायचा तर या दोन्ही गोष्टी लिहाव्या लागतील. एकच लिहिली असती, तर बाबांनी ती वही माझ्यासमोर परत सरकवली असती.