खेळण्यातल्या गाडीची शिट्टी

राजेरजवाड्यांचा इतिहास बखरीत सापडतो, खेळण्यातल्या आगगाडीचा पलंगाखाली. १८९१ साली मेर्कलिन या जर्मन कंपनीने लाइपझिगच्या जत्रेत रुळांसकट चावीची गाडी मांडली. तेव्हापासून गाडी मुलासाठी आणायची आणि ती बापाने खेळायची, हा रिवाज जगभर पाळला जातो. आमच्या आळीतही अपवाद नाही.

पुढे चावी जाऊन वीज आली. पण वीज रुळांतून वाहणार; त्यामुळे रुळावरची सगळी इंजिने एकदम सुटायची नि एकदम थांबायची. थेट एकत्र कुटुंब! १९३५ साली अमेरिकेच्या लायोनेल कंपनीने इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात इवलासा पंखा बसवून शिट्टी वाजवली. १९४६ साली तिने बिनतारी गाडीही काढली, पण ती महाग पडली आणि चारेक वर्षांत बंद झाली.

उरलेले काम केले कोणी? तर चक्क एका गवयाने! नील यंग हा कॅनडाचा गायक. त्याच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी. खटका फिरवणे हाताला जमेना. बापाने त्याच्यासाठी एकच मोठे, दाबायचे बटण केले. त्या खटपटीतून १९९०च्या दशकात लायोनेलचा बिनतारी रिमोट आला. प्रत्येक इंजिनाला स्वतःचा नंबर, स्वतःची धाप, स्वतःची शिट्टी. आता जुन्या इंजिनाच्या पोटातही चिप नि स्पीकर बसतो.

शंभर वर्षे बापांनी मुलांच्या हातून गाडी काढून घेतली. एकाने ती परत दिली.