नारळ कुणाला द्यायचा?

कोल्हापुरात कुस्तीच्या वस्तादाला तालमीनं काढून टाकलं, असं मी तरी कधी ऐकलेलं नाही. पठ्ठ्या खासबागेत चितपट झाला तर ‘पोरगं कच्चं निघालं’ म्हणतात. वस्ताद दुसऱ्या दिवशी पहाटे आखाड्याच्या कडेला हजर असतो. फुटबॉलही याच तालमींच्या दारात वाढला. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार ही नावं आज शाहू स्टेडियमवर फुटबॉल संघांची म्हणून घुमतात, पण मुळात ती तालमींची. संघाला तालमीचं नाव मिळालं, पेठ मिळाली, पेठेची भांडणंही मिळाली. वस्तादाचं अभय तेवढं कोचला मिळालं नाही. सामन्याची शेवटची दहा मिनिटं बिघडली की रात्री कट्ट्यावर त्याला नारळ द्यायची तयारी सुरू.

पूर्वी असं नव्हतं, असं आबांच्या गोष्टी ऐकताना वाटायचं. आबा म्हणजे माझे आजोबा. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली १९४० साली. त्यानंतरच्या काही वर्षांत ते पेठेच्या संघातून अनवाणी खेळले. त्यांच्या गोष्टींत गोलकीपर असे, बॅक असे, पावसानं झालेला चिखल असे, रेफ्रीला शिव्या असत. कोच नसे. ‘तुम्हाला शिकवायचं कोण?’ असं एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘जो म्हातारा झाला, तो शिकवायचा.’

१९४८च्या लंडन ऑलिंपिकची गोष्ट ते अशी सांगत, जणू काल संध्याकाळी घडली. आपले बहुतेक गडी अनवाणी, समोर फ्रान्स. आपण दोन पेनल्टी घालवल्या, तरी रामननं गोल करून १-१ बरोबरी साधली. आणि सामना संपता संपता फ्रान्सनं दुसरा गोल केला. २-१. आबांच्या मते दोष पेनल्टी मारणाऱ्यांचा, थोडा दैवाचा. त्या संघाचे प्रशिक्षक बलाईदास चटर्जी होते, हे मला पुढे वाचून कळलं. आबांच्या तोंडी ते नाव कधीच आलं नाही. शेवटच्या मिनिटात हरलेल्या संघाच्या प्रशिक्षकाचं नावही कुणाला ठाऊक नसावं, हे आज खरं वाटत नाही.

पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला आबा गिरणीत लागले आणि काही वर्षं मुंबईत मामांकडे राहिले. त्या काळात कूपरेजवर रोव्हर्स कप म्हणजे मोठा सोहळा. हैदराबाद सिटी पोलिसांनी तो कप १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा नेला. आबांनी त्यांचे सामने पाहिले होते. ‘चेंडू जमिनीवरनं असा फिरवायचे, की पळणारा दमायचा आणि फिरवणारा ताजाच!’ या संघामागचा माणूस सय्यद अब्दुल रहीम. पेशानं शिक्षक, पुढे भारताचा प्रशिक्षक. त्यांना पाहिलंत का, असं मी कितीदा विचारलं असेल. आबा जरा विचार करायचे आणि म्हणायचे, ‘असतील की तिथंच कुठंतरी बसलेले. तिकडं बघतंय कोण?’

तिकडे बघायचं कारणच नव्हतं, कारण शिट्टी वाजल्यावर प्रशिक्षकाच्या हातात काही उरतच नसे. बदली खेळाडू ही सोय महत्त्वाच्या सामन्यांत नव्हती. अकरा उतरले की अकराच. कुणाचा पाय मोडला तर त्याला विंगेला उभं करायचं, निदान समोरचा एक गडी तरी त्याच्यापाशी अडकेल म्हणून. जे करायचं ते आदल्या रात्री.

रहीमसाहेबांनी आदल्या रात्री जे केलं, त्याचा कळस १९६२च्या जकार्ता एशियाडमध्ये दिसला. बचावफळीचा आधार असलेल्या जर्नेल सिंगला थायलंडविरुद्ध डोक्याला जखम झाली, टाके पडले. बचावात त्याला चेंडूवर डोकं घालता येईना. रहीमसाहेबांनी त्याला घरी बसवलं नाही; उपांत्य सामन्यात सेंटर फॉरवर्ड केलं! तिथंही त्यानं गोल केला आणि अंतिम सामन्यातही. ४ सप्टेंबरला, आपल्या विरोधात ओरडणाऱ्या लाखभर लोकांसमोर, पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलच्या गोलांनी पहिल्या वीस मिनिटांतच दक्षिण कोरियावर २-० झाले. गोलमध्ये पीटर थंगराज, नुकताच तापातून उठलेला. ८५व्या मिनिटाला कोरियानं एक गोल फेडला. पुढची पाच मिनिटं रहीमसाहेब करू शकत होते ते एवढंच, की बसून राहणं. सुवर्णपदक मिळालं. वर्षही झालं नव्हतं, १९६३च्या जूनमध्ये कर्करोगानं ते गेले.

मला वाटतं, त्या पाच मिनिटांत त्यांच्यापाशी तीन ताजे गडी बाकावर असते, तर ते हरले असते की नाही हे सांगता येणार नाही, पण भांडण मात्र नक्की झालं असतं. प्रशिक्षकाला शेवटची दहा मिनिटं दिली ती नियमानं, आणि त्याच नियमानं त्याची मान प्रेक्षकांच्या हाती दिली.

हा बदल माझ्या काकांच्या, तात्यांच्या, पिढीत झाला. इंग्लंडच्या लीगमध्ये १९६५पासून एका जखमी खेळाडूच्या जागी दुसरा घेता येऊ लागला आणि १९७०च्या मेक्सिको विश्वचषकात प्रत्येक संघाला दोन बदल मिळाले. तात्या तेव्हा कॉलेजात होते, फुटबॉलवर हाताला लागेल ते वाचायचे आणि वाचलेलं कट्ट्यावर मीठमसाला लावून सांगायचे. त्यांची सगळ्यांत आवडती गोष्ट लिऑनच्या उपांत्यपूर्व सामन्याची. १४ जून, भर दुपारचं ऊन, इंग्लंड २-० पुढे, समोर पश्चिम जर्मनी. ‘आणि त्या सर आल्फ रॅम्सेनं काय करावं? बॉबी चार्ल्टनला बाहेर काढलं! उपांत्य सामन्यासाठी राखून ठेवायला! तो बाहेर गेला आणि बेकेनबाउअर मोकळा सुटला. गोल, गोल, आणि जादा वेळेत म्युलर. ३-२!’ हे सांगताना तात्यांचा हात असा पुढे यायचा, की जणू रॅम्सेची कॉलर धरलीय.

मी पुढे त्या सामन्याचं चित्रण पाहिलं. बेकेनबाउअरचा गोल झाला तेव्हा चार्ल्टन मैदानातच होता. त्यानंतर लगेच तो बाहेर गेला. बदलीची तयारी आधीच झाली होती, त्यामुळे तात्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही, पण गोष्टीत क्रम उलटला होता. गंमत म्हणजे हा क्रम एकट्या तात्यांनी उलटवलेला नाही. खुद्द इंग्लंडमध्येही कित्येकांच्या आठवणीत तो असाच बसला आहे. गोलकीपर गॉर्डन बँक्स आजारी पडून बाहेर होता आणि त्याच्या जागी आलेल्या बोनेटीच्या अंगाखालून पहिला चेंडू गेला, हे मागे पडतं. बदली लक्षात राहते, कारण तिच्यामागे एक माणूस दिसतो. त्या माणसाला जाब विचारता येतो.

रॅम्से त्या वेळी वाचले. १९६६चा विश्वचषक जिंकून दिल्याची पुण्याई शिल्लक होती. १९७३च्या ऑक्टोबरात वेम्बलीवर पोलंडविरुद्ध जिंकणं भाग होतं. इंग्लंडनं गोलावर मारा केला, पोलंडच्या गोलकीपर तोमाशेव्हस्कीनं अडवला, १-१ सुटेना. या वेळी रॅम्से बदली करेनात. शेवटी केव्हिन हेक्टरला पाठवलं, सामन्याला जेमतेम दोन मिनिटं उरली असताना. त्याचं हेडर गोलरेषेवरून बाहेर काढलं गेलं. इंग्लंड विश्वचषकाबाहेर, पुढच्या वर्षी रॅम्सेंची उचलबांगडी. एकदा लवकर बदललं म्हणून शिव्या, एकदा उशिरा बदललं म्हणून.

आमच्या पेठेत हे सगळं पगाराशिवाय चालतं, एवढाच फरक. मी कॉलेजात असताना आमच्या संघाचा कोच उद्यमनगरात लेथवर काम करायचा. सकाळी साडेपाचला सराव, आठला कामावर. एका उपांत्य सामन्यात आम्ही १-० पुढे, आठ मिनिटं बाकी, आणि त्यानं आमचा उजवा विंगर काढून एक बॅक घातला. हा विंगर म्हणजे पेठेचा जीव. तो बाहेर येताना गॅलरीतून जो आवाज उठला, तो गोल खाल्ल्यावरही उठला नव्हता. गोल नंतर झाला, भरपाईच्या वेळेत. मग टायब्रेकर, मग हार.

त्या रात्री गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर पेले रिकामे होत होते आणि कोचच्या सात पिढ्या निघत होत्या. ‘बचाव करायचा हुता तर पयल्यापास्नं करायचा!’ ‘आरं मर्दा, त्यो विंगर पळत हुता म्हणून त्यांचे दोन गडी मागं अडकले हुते. काढलास आणि दोघं बी वर आले.’ हे दुसरं म्हणणं मला आजही बिनतोड वाटतं. पुढे असलेल्या संघानं आपला वेगवान गडी काढणं म्हणजे समोरच्याच्या बॅकना सुट्टी देणं. पण तिसरा एक जण म्हणत होता, की गेल्या सामन्यात याच कोचनं हेच केलं आणि जिंकलो, तेव्हा तुम्हीच त्याला खांद्यावर घेतला होता. त्याचं कुणी ऐकून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी तालमीत बैठक बसली. नारळ द्यायचा यावर एकमत. ‘पगारच नाही, तर काढायचं कशावरनं?’ असं कुणीतरी म्हणालं, तेही हसण्यावारी गेलं. मग आबांनी, तेव्हा पासष्टी ओलांडलेली, एकच विचारलं, ‘उद्या साडेपाचला शिट्टी घेऊन कोण येणार? नाव सांगा, लिहून घेतो.’ नाव एकाचंही आलं नाही. तो माणूस पुढे अनेक हंगाम कोच राहिला. आणि तो विंगर का काढला, हे त्यानं कधी सांगितलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, ‘सांगितलं तर पुढच्या वेळी बी सांगावं लागंल.’

देशाच्या संघाची गोष्ट निराळी; तिथं शिट्टी घ्यायला माणसं रांगेत असतात. १४ जानेवारी २०१९ची शारजाची रात्र तालमीच्या टीव्हीसमोर काढलेले आमच्यातले कित्येक जण आजही तिचं नाव काढलं की गप्प होतात. आशियाई चषकात थायलंडला ४-१ हरवलेलं, अमिरातीकडून हरलेलो, आता बहरीनशी बरोबरी केली तरी बाद फेरी. प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाइन यांनी थायलंडविरुद्ध गोल केलेल्या अनिरुद्ध थापाला सुरुवातीला बाहेर ठेवून गोव्याच्या रॉलिन बोर्जेसला घेतलं. बरोबरी पुरेशी आहे हे कळलं की बावीस पाय आपोआप मागे सरकतात. तासभर, सव्वा तास आपण मागेच सरकत होतो. ९०वं मिनिट उलटलं, प्रणय हल्दरचा पाय पेनल्टी बॉक्समध्ये चुकला, जमाल राशिदनं पेनल्टी मारली. गटात शेवटचे. सामना संपल्यावर लगेच कॉन्स्टंटाइन यांनी राजीनामा जाहीर केला.

तालमीत त्यावर दोन तट पडले, ते आजही आहेत. एका तटाचं म्हणणं, बरोबरीसाठी खेळायला लावलं तिथंच हरलो. दुसरा तट म्हणतो, २०१५ साली फिफा क्रमवारीत १७३व्या क्रमांकावर गेलेला संघ या माणसाच्या हाती २०१७मध्ये ९६वर आला. एका पेनल्टीनं ते पुसायचं का? मी पहिल्या तटातला. पण हल्दरचा पाय दोन इंच इकडे पडला असता, तर मीच ‘काय शिस्तीत सामना सोडवला!’ म्हणून टाळ्या पिटल्या असत्या, हे तात्यांनी मला तोंडावर सांगितलं.

२०२५च्या जूनमध्ये हाँगकाँगला पुन्हा तेच. भरपाईच्या वेळेत पेनल्टी, ०-१, आणि महिन्याच्या आत प्रशिक्षक मनोलो मार्केझ पद सोडून गेले. छेत्रीला सुरुवातीला बाकावर का ठेवलं, यावर आमच्याकडे पावसाळाभर पुरेल एवढं बोलून झालं. मग ऑगस्टमध्ये खालिद जमील आले. मुंबईच्या मैदानांवर खेळलेला, मुंबई एफसी सांभाळलेला, ऐजॉलसारख्या छोट्या संघाला २०१७ साली आय-लीग जिंकून दिलेला माणूस. ऑक्टोबरात सिंगापूरला दहा गड्यांनिशी खेळताना ९०व्या मिनिटाला आपण १-१ केलं. गोल करणाऱ्याचं नाव रहीम अली. सत्त्याहत्तरीतले तात्या खुर्चीतून उठले, ‘रहीम!’ म्हणाले आणि आबांची आठवण काढून पुन्हा बसले. त्या रात्री कोचवर कुणीही बोललं नाही.

पाच दिवसांनी मडगावला, फातोर्ड्यावर, छांगतेनं आधी गोल करूनही १-२ हरलो आणि आशियाई चषकाची वाट बंद झाली. पुतण्या मोबाइल नाचवत आला, ‘तात्या, हा पण गेला समजा.’

‘बदल्या कितव्या मिनिटाला केल्या?’ तात्यांनी विचारलं.

पुतण्यानं सांगितलं.

‘उशीर केला,’ तात्या म्हणाले. ‘पण काढू नका. रॅम्सेला काढला तर पुढच्या विश्वचषकाला बी इंग्लंड न्हवतीच.’