एट्रियल फिब्रिलेशन: धडधड थांबली तरी रक्त पातळ करणारी गोळी थांबवू नका

ईसीजीमध्ये 'एट्रियल फिब्रिलेशन' म्हणजेच 'एएफ' निघाले की पहिले काही आठवडे घरातले सगळेच काळजी घेतात. गोळ्या वेळेवर दिल्या जातात, तपासण्या होतात. खरी अडचण वर्षभराने सुरू होते. धडधड कमी झालेली असते, माणूस शेतात किंवा दुकानावर जायला लागलेला असतो आणि मग प्रश्न येतो, "डॉक्टर, आता बरे वाटते. रक्त पातळ करायची गोळी बंद केली तर चालेल का?" चाळीसगाव परिसरात हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर नीट समजले तर या आजारासोबत अनेक वर्षे चांगले जगता येते.

नेमके काय बिघडते?

हृदयाला चार कप्पे असतात. एएफमध्ये वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. त्यामुळे नाडी अनियमित होते. धडधड, दम लागणे, थकवा, चक्कर असे त्रास होतात. काहींना मात्र काहीच जाणवत नाही.

वरचा कप्पा थरथरत राहिला की तिथे रक्त साचते आणि गुठळी होऊ शकते. ती सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली की लकवा होतो. एएफ असलेल्यांमध्ये हा धोका सर्वसाधारणपणे पाचपट असतो. धडधड जाणवली नाही तरी तो कमी होत नाही.

म्हणून उपचाराचे दोन वेगळे भाग असतात. पहिला ठोक्यांचा वेग किंवा ताल सांभाळण्याचा. मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन, अमिओडॅरोन ही औषधे त्यासाठी असतात. त्यांचा फरक तुम्हाला जाणवतो. दुसरा भाग गुठळी होऊ न देण्याचा, म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी. तिचा परिणाम अजिबात जाणवत नाही. घेतली तरी तसेच वाटते, सोडली तरी तसेच वाटते. म्हणूनच ती सर्वात आधी सुटते. ताल पूर्ववत झाला किंवा मोठ्या शहरात जाऊन ॲब्लेशन करून घेतले, तरी ही गोळी चालू ठेवायची की नाही हे तुमच्या लकव्याच्या धोक्यावरून ठरते. वय ६५ च्या पुढे, बीपी, शुगर, हृदय कमजोर असणे, आधी लकवा किंवा हार्ट अटॅक येऊन गेलेला असणे, या गोष्टी धोका वाढवतात.

तुमची गोळी कोणती, हे माहीत असू द्या

जुन्या प्रकारात वॉरफॅरिन आणि एसेनोकुमॅरॉल येतात. नव्या प्रकारात डॅबिगॅट्रान, रिव्हारॉक्साबॅन आणि एपिक्साबॅन येतात. नव्या गोळ्यांना आयएनआर तपासणी लागत नाही. पण किडनीची तपासणी वर्षातून निदान एकदा, आणि वय ७५ च्या पुढे असेल तर दर सहा महिन्यांनी करावी.

ज्यांच्या हृदयाची मिट्रल झडप लहानपणीच्या सांधेतापामुळे (रुमॅटिक) बऱ्यापैकी अरुंद झाली आहे, किंवा ज्यांना धातूची कृत्रिम झडप बसवली आहे, त्यांच्यासाठी जुनी गोळीच योग्य. रुमॅटिक आजार आणि एएफ असलेल्या सुमारे साडेचार हजार रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रिव्हारॉक्साबॅनपेक्षा जुन्या प्रकारच्या गोळीवर असलेल्यांमध्ये मृत्यू कमी झाले. त्यामुळे शेजाऱ्याची गोळी बदलली म्हणून आपलीही बदलून मागू नका. आधी तुमचा टूडी इकोचा रिपोर्ट दाखवा.

ॲस्पिरिन ही या गोळ्यांची जागा घेऊ शकत नाही. एएफमधला लकवा टाळायला ती पुरेशी पडत नाही.

तरुण महिला रुग्णांनी विशेष लक्षात ठेवावे, की जुन्या प्रकारच्या गोळीने गर्भाला इजा होऊ शकते. मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. पाळी चुकली तर त्याच आठवड्यात भेटा. पण स्वतःहून गोळी बंद करू नका.

आयएनआर: महिन्याची एक फेरी

जुनी गोळी घेणाऱ्या बहुतेक एएफ रुग्णांचा आयएनआर २ ते ३ मध्ये असावा. २ च्या खाली गुठळीचा धोका, बराच वर गेला तर रक्तस्रावाचा. कृत्रिम झडप असेल तर आकडा वेगळा असू शकतो. आयएनआर स्थिर झाल्यावर साधारण महिन्याला एकदा तपासणी करा, शक्यतो एकाच लॅबमध्ये. तारीख, आयएनआर आणि गोळीचा डोस एका वहीत लिहा. एसेनोकुमॅरॉल १, २, ३ आणि ४ मिलिग्रॅममध्ये मिळते, म्हणून मेडिकलमधून घेताना पाकिटावरचा आकडा वाचा.

गोळी विसरली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर दोन एकदम घेऊ नका.

खान्देशातला आहार, ऊन आणि पाऊस

पालेभाज्यांमधले 'के' जीवनसत्त्व जुन्या गोळीचा परिणाम कमी करते. त्यासाठी मेथी, पालक बंद करायची गरज नाही. प्रमाण साधारण सारखे ठेवा. हिवाळ्यात भरीत पार्ट्या सुरू होतात. भरतातली आणि सोबतची कांद्याची पात, हरभऱ्याची भाजी, मेथी रोजच्या रोज वाढली तर आयएनआर खाली येऊ शकतो. त्या दिवसांत एखादी तपासणी आधी करून घ्या. नव्या गोळ्यांना हे बंधन नाही.

रिव्हारॉक्साबॅन जेवणासोबतच घ्यायची असते, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. उपवास किंवा रोजे असतील तर वेळ आधी ठरवून घ्या. गोळी सोडू नका.

एप्रिल-मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. घाम आणि जुलाबाने पाणी व पोटॅशियम कमी झाले तर धडधड वाढते. डिगॉक्सिन घेणाऱ्यांना मळमळ, उलटी, पिवळसर किंवा धूसर दिसणे असे त्रास होऊ शकतात. तसे झाल्यास त्याच दिवशी दाखवा. चैत्रात सप्तशृंगीला पायी जायची इच्छा असेल तर महिनाभर आधी तपासणी करा. गोळ्या आणि औषधांची चिठ्ठी सामानात न ठेवता अंगावर ठेवा.

पावसाळ्यात घरात निदान १५ दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या असू द्या. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस तितूर आणि डोंगरीला पूर आला आणि कन्नड घाटात दरड कोसळली, तेव्हा रस्ते किती लवकर बंद होतात हे आपण पाहिले आहे.

सर्वात मोठा धोका: अंगदुखीची गोळी आणि सुई

कापूस वेचून कंबर धरली की डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी घेतली जाते, नाहीतर कमरेत सुई टोचून घेतली जाते. रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत या औषधांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. स्नायूत दिलेल्या सुईने आत रक्त साचून मोठी गाठ होऊ शकते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात घ्या. कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी पहिले वाक्य हेच असू द्या: "मी रक्त पातळ करायची गोळी घेतो." अँटिबायोटिक सुरू झाले आणि तुम्ही जुन्या गोळीवर असाल तर काही दिवसांत आयएनआर तपासा. जडीबुटीची पावडर घेऊ नका. दात काढायचा असेल तर गोळी स्वतःहून थांबवू नका, दातांच्या डॉक्टरांना आधी सांगा.

विळ्याने कापले तर स्वच्छ कापडाने १५ मिनिटे न उचलता दाबून धरा.

घरी नाडी कशी मोजाल?

पाच मिनिटे शांत बसा आणि मनगटावर पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. एएफमध्ये १५ सेकंद मोजून चारने गुणले तर आकडा चुकतो. बीपीचे मशीनही दर वेळी वेगळे दाखवते, म्हणून तीनदा मोजून सरासरी काढा. बसल्या जागी नाडी सतत ११० च्या वर किंवा ५० च्या खाली राहिली तर डॉक्टरांना कळवा.

बीपी आणि शुगर आटोक्यात ठेवणे, वजन कमी करणे, दारू व तंबाखू सोडणे याने एएफचा त्रास खरोखर कमी होतो. मोठ्याने घोरत असाल किंवा थायरॉइड तपासलेले नसेल तर तेही सांगा.

ताबडतोब रुग्णालयात कधी न्यावे?

- लकव्याची लक्षणे: तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, अचानक दिसेनासे होणे.
- रक्तस्राव: काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, लाल लघवी, न थांबणारे रक्त.
- डोक्याला मार: बाहेर जखम नसली तरीही.
- इतर: छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, बसल्या जागी दम लागणे.

लकव्याची लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि त्याआधी सिटी स्कॅन लागतो. धुळे इथून सुमारे ६० किलोमीटर आहे, जळगाव त्याहून लांब. म्हणजे थांबायला वेळ नाही. सकाळपर्यंत वाट पाहणे, तेल चोळणे, लकव्याचे झाडपाल्याचे औषध देणाऱ्याकडे नेणे यात हे तास निघून जातात. रुग्णाला खायला, प्यायला किंवा ॲस्पिरिन देऊ नका. सोबत आयएनआरची वही आणि गोळीचे पाकीट घ्या. शेवटची गोळी किती वाजता घेतली ते डॉक्टरांना सांगा, कारण इंजेक्शन द्यायचे की नाही हे त्यावरही ठरते.

घरातल्या एका व्यक्तीने हे सगळे माहीत करून घ्यावे. लकवा झाल्यावर रुग्णाला स्वतः बोलता येईलच असे नाही.