पेटीतून गावात गेलेली विद्या

परवा सुरतेला जाण्याचा योग आला. माझा भाचा कामरेजला राहतो. तिथल्याच एका कारखान्यात तो नोकरीला आहे. बारावीनंतर घरच्या अडचणीमुळे त्याचे कॉलेज सुटले. आता नोकरी सांभाळून ऑनलाइन बी. ए. करावे, असे त्याच्या मनात आहे. रात्री जेवताना त्याने विचारले, "मामा, वर्गात न बसता मिळवलेली पदवी लोक खरी मानतील का?"

मी पडलो सरकारी कारकून, नियम लगेच सांगितला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे मान्यता असलेल्या संस्थेची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. वैद्यकी, इंजिनियरिंग, कायदा असे अभ्यासक्रम मात्र त्या मार्गाने करता येत नाहीत. त्याचे समाधान झाले नाही. खरे म्हणजे माझेही झाले नाही. घरात बसून माणूस शिकतो का, हा त्याचा खरा प्रश्न होता. गंमत अशी की त्याचे उत्तर शोधायला कामरेजसारखी दुसरी जागा नाही.

सुरत म्हटले की आपल्याला शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात. पुढे सुरत शहर इंग्रजांकडे गेले. पण तापीकाठचे कामरेज बडोद्याच्या गायकवाडांकडे होते. बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतातला तो एक महाल. म्हणजे शहरात इंग्रजांचे राज्य आणि काही कोसांवर सयाजीराव महाराजांचे.

सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. मुले वाचायला शिकली, पण शाळा सुटल्यावर त्यांनी वाचायचे काय? पुस्तक हाती आले नाही तर शिकलेले अक्षर चारपाच वर्षांत पुसले जाते. महाराजांनी अमेरिकेतली ग्रंथालये पाहिली होती. तिथून त्यांनी विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल १९१० मध्ये बडोद्याला आणले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, गावोगाव वाचनालये निघाली आणि जिथे तीही नव्हती तिथे फिरती ग्रंथालये गेली.

फिरते ग्रंथालय म्हणजे एक मजबूत लाकडी पेटी. तीत पंधरा ते तीस पुस्तके. पेटी गावात जायची, वाचून झाली की परत यायची आणि दुसऱ्या गावाला निघायची. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी ग्रंथालय खात्याची आणखी एक शाखा होती. ती मॅजिक लँटर्न आणि सिनेमाची यंत्रे घेऊन गावात चित्रे दाखवी. आज भाचा मोबाइलवर व्याख्यान पाहतो, त्याची ही पणजीच म्हणायची!

या योजनेतल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की पेटी कुणाच्याही दारात टाकून दिली जात नसे. गावातल्या एखाद्या जबाबदार माणसाच्या किंवा मंडळाच्या हवाली ती केली जाई. पेटी उघडणारा, पुस्तक हातात देणारा आणि परत मागणारा कुणीतरी तिथे असे. दुसरी गोष्ट म्हणजे पेट्या सुरू झाल्या म्हणून महाराजांनी बडोदा कॉलेज बंद केले नाही. १८८१ पासूनचे ते कॉलेज चालूच राहिले आणि १९४९ मध्ये त्यातूनच विद्यापीठ झाले.

आपल्या गोव्याची गोष्ट उलटी आहे. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ चे. पण कला आणि विज्ञान शिकवणारी धेंपे व चौगुले ही कॉलेजे निघाली ती मुक्तीनंतर, १९६२ मध्ये. तोवर ज्याला बी. ए. व्हायचे त्याने घाट चढून बेळगाव-धारवाड गाठावे, नाहीतर मुंबई-पुणे. ज्याच्या घरी तेवढा पैसा नव्हता, त्याची हुशारी गावातच राहिली. वर्गाचे गुणगान करताना आपण त्या बाहेर राहिलेल्यांना विसरतो.

पण नुसत्या पडद्यानेही भागत नाही. हार्वर्ड आणि एमआयटीने चालवलेल्या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. नाव नोंदवणाऱ्यांपैकी शेवटपर्यंत पोचलेले होते सुमारे ३ टक्के! नाशिकला १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले, तेव्हा त्याने नुसती पुस्तके टपालाने पाठवली नाहीत. गावोगाव अभ्यासकेंद्रे आणि संपर्कसत्रे ठेवली. विद्यार्थ्याला "का रे, आला नाहीस?" असे विचारणारा माणूस लागतो, हे बडोद्याच्या पेटीइतकेच जुने शहाणपण त्यामागे होते.

भाच्याला मी एवढेच म्हटले, "पदवी ऑनलाइन घे, बिनदिक्कत घे. पण कारखान्यातला आणखी एक जण सोबतीला घे आणि रविवारी दोघे मिळून अभ्यासाला बसा."

तो म्हणाला, "खोलीवरचा एक मुलगा आहे, मामा. त्यालाही शिकायचे आहे."

निघताना मी माझी एक जुनी इतिहासाची पुस्तके भरलेली पिशवी त्याच्याकडेच ठेवली. पुढच्या खेपेला परत मागणार आहे, हे मात्र बजावून आलो.