‘गतकूळ’ आणि कुलूपबंद घर : विदर्भातील भाडेव्यवहाराचा एक धागा

मराठीत ‘कूळ’ हा शब्द घराण्याचा वाचक आहे, तसाच तो दुसऱ्याची जमीन कसणाराचाही आहे. ‘गतकूळ’ ह्या जुन्या महसुली संज्ञेत ह्यांपैकी पहिला अर्थ प्रधान होय. दख्खनच्या गावांत मिरासदाराचे घराणे बुडाले किंवा परागंदा झाले, म्हणजे त्याचे थळ गतकुळी ठरे. पाटील ते उपऱ्यास लावून देई. परंतु थळझाड्यात गेलेल्या घराण्याचे नाव टिकून राही आणि परतलेल्या मिरासदारास आपला हक्क सांगता येई. ‘परागंदा’ हा फारसी शब्दही मुळात ‘विखुरलेला’ एवढेच सांगतो. हक्क बुडाल्याचे सांगत नाही. मिरासदार हा भाडेकरू नव्हे, तेव्हा ही तुलना ताणू नये. तथापि माणूस जाणे आणि हक्क जाणे ह्या दोन घटना निराळ्या, हा विवेक पुढील काळातील घरभाड्याच्या कायद्यातही आढळतो.

तत्कालीन चांदा जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात मोडत असे. त्या प्रांताच्या 1946 च्या कायद्याखाली 1949 साली भाडेनियंत्रण आदेश निघाला. नियंत्रकाच्या लेखी पूर्वपरवानगीवाचून घरमालकास भाडेपट्टा संपविण्याची नोटीस देता येत नसे. परवानगीच्या कारणांत एक असे होते की, भाडेकरूने दुसरी जागा मिळविली आहे, किंवा तो सलग चार महिने तो भाग सोडून गेला आहे आणि त्यास घराची वाजवी गरज उरलेली नाही. ह्यातील ‘आणि’ हे अव्यय फार मोलाचे आहे. केवळ अनुपस्थिती पुरेशी नव्हती. गरज संपल्याचेही दाखवावे लागे. विदर्भ 1956 साली मुंबई राज्यात आणि 1960 साली महाराष्ट्रात आला, तरी हा आदेश चालूच राहिला.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 रोजी अमलात आला आणि विदर्भाचा वेगळा नियम संपला. कलम 16 प्रमाणे, दाव्यापूर्वी लगतचे सलग सहा महिने जागा वाजवी कारणावाचून ठरलेल्या उपयोगात नसेल, तर मालकास ताबा मागता येतो. जुन्या वाक्याचा कर्ता भाडेकरू होता. नव्या वाक्याचा कर्ता घर आहे. चौकशीचा रोख त्यामुळे ‘तो कोठे गेला?’ ह्यावरून ‘घर वापरात आहे काय?’ ह्यावर आला. आजारपणासारखे वाजवी कारण मात्र आजही भाडेकरूच्या बाजूस उभे राहते.

ऊर्जानगर ही चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राची वसाहत. तेथील निवासस्थाने नोकरीबरोबर येतात व जातात. खरा पेच भोवतालच्या खाजगी घरांत पडतो, कारण कंत्राटी कामावर दूरदेशीहून आलेला ‘किरायेदार’ (विदर्भात हाच शब्द रूढ आहे) काम संपताच दाराला कुलूप लावून निघून जातो. भाडेनियंत्रण लागू नसेल तेथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 पाहावा लागतो; त्यात उभयतांच्या वर्तनावरून पट्टा सोडल्याचे मानता येते. किल्ली परत करणे व मालकाने ती स्वीकारणे, हे असे वर्तन. थकलेले भाडे व लागलेले कुलूप एवढ्यावरून तसे ठरतेच असे नाही. मालकाने अधीर होऊन कुलूप तोडले, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 6 खाली भाडेकरूस सहा महिन्यांच्या आत ताब्यासाठी दावा लावता येतो. त्यात मालकीचा प्रश्नही आड येत नाही.

मागे उरलेली भांडीकुंडी, अंथरूण, पोरांची पुस्तके ह्यांविषयी वरील कलमे काही सांगत नाहीत. म्हणून पंचांसमक्ष केलेली सामानाची यादी आणि शेवटच्या ज्ञात पत्त्यावर धाडलेली नोटीस हीच मालकाची राखण ठरते, आणि गेलेल्याचीही.